हौदाकडचं टोक

१

पहिले काही दिवस रामप्रसादची फारच फजिती झाली. त्याच्या लेकीनं, ऋतिकानं, पुण्याहून एक वापरलेलं स्टिअरिंग आणि पायात ठेवायचे पेडल पाठवले होते. संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावायचा आणि खऱ्या गाडीसारखी गाडी पळवायची. पण स्टिअरिंग टेबलाला अडकवलं की टेबल हलायचं. ब्रेक दाबला की पेडल घसरत भिंतीला जाऊन थांबायचे आणि चाकं लावलेली खुर्ची रामप्रसादला घेऊन उलटीकडं निघायची. त्याची बायको सविता दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसायची.

"आवो, गाडी फुडं चाललीय का माघं?"

रामप्रसाद त्रेचाळीस वर्षांचा. पूर्णा स्टेशनच्या रस्त्याला त्याचं मोटार वायंडिंगचं, म्हणजे जळालेले पाण्याचे पंप दुरुस्त करायचं, दुकान. या वयात हे खूळ कशाला, असं गल्लीतल्या दोघांतिघांनी विचारलंही. त्यानं हसून सोडून दिलं. खूळ आजचं नव्हतं, हे कुणाकुणाला सांगत बसणार?

लहानपणी तो झरी गावाहून वडिलांबरोबर, आबांबरोबर, परभणीच्या बाजाराला यायचा. बसस्टँडजवळच्या एका दुकानात स्टिअरिंगचं एक मशीन होतं. आबा त्याला त्याच्यावर बसवायचे आणि मागं उभे राहून, त्याच्या डोक्यावर हात ठेवून पडद्याकडं बघायचे. त्यांना त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. पण रस्त्याला वळण आलं की ते डोक्यावरचा हात त्या बाजूला दाबायचे, बैल वळवावा तसा. त्या हाताचं वजन रामप्रसादला अजून आठवायचं. आबांना, म्हणजे राधाकिशनला, जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग एक दिवस ऋतिकानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. कुणीतरी पाण्याच्या प्लास्टिकच्या पाइपांची चौकट करून तिच्यात सीट, स्टिअरिंग, पेडल सगळं पक्कं बसवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'पप्पा, हे तर तुमच्या डाव्या हाताचं काम.'

२

पाइपांना तोटा नव्हता. झरीच्या रानात ठिबक बसलं तेव्हा आबांचे जुने अडीच इंची पाइप रामप्रसादनं टेम्पोत घालून पूर्णेला आणले होते. विकवेनात म्हणून परसातल्या भिंतीच्या कडेनं ते तसेच पडून होते. उन्हानं पांढुरके झालेले, आत कोळ्यांची जाळी. सीट भंगारातल्या एका व्हॅनची मिळाली. कोपऱ्यांसाठी हरिओमच्या नळसामानाच्या दुकानातून एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, आणले. हरिओमनं चिकटवायच्या सोल्युशनचा डबाही पुढं केला, तो रामप्रसादनं परत सरकवला. रानातले पाइप कुणी चिकटवत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि लाकडानं ठोकून बसवायचे, म्हणजे उद्या उचलून दुसऱ्या सरीत नेता येतात.

एक अडचण होती. कापलेल्या तुकड्याचं टोक दुसऱ्यात बसायचं तर ते आधी शेकून फुगवावं लागतं. त्यानं स्वयंपाकघरात गॅसवर पाइप धरला. जळका वास घरभर झाला आणि सविता कावली. "त्याच शेगडीवर मला भाकरी करायच्यात, कळतंय का?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "गॅसवर करपतंय रामा. कडब्यावर शेक."

दोघांनीही वळून बघितलं. दारात माय उभी होती. ती, पारूबाई, आबा गेल्यापासून बोलायचीच नाही म्हटलं तरी चालेल. हो, न्हाई, जेवले, झोपते, एवढ्यावर तिचे दिवस निघायचे. मागच्या खोलीतल्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून असायची. आज ती पाइपाच्या वासानं उठून आली होती.

रामप्रसादला भरून आलं. त्यानं शेजारच्या गोठ्यातून कडबा आणला. परसात जाळ केला. मायनं पदर खोचला, पाइपाचं टोक जाळावर फिरवत धरलं, मऊ पडलं तसं म्हणाली, "हाण आता," आणि त्यानं दुसरा तुकडा त्यात दाबला. एका दमात बसला. अशी ती मायलेकरं चार-पाच दुपारी खपत होती. माय ट्यूबच्या पट्ट्या कापून द्यायची, तुकडे हाताशी द्यायची, मध्येच झरीच्या रानातलं काहीबाही सांगायची आणि हसायची. सविता चहा घेऊन यायची आणि सासूकडं नवलानं बघत राहायची.

चौकट पुढच्या खोलीत उभी राहिली. रामप्रसाद सीटवर बसला, ब्रेकवर सगळा जोर दिला. काही हललं नाही. त्यानं माय कुठं आहे बघितलं. ती डाव्या बाजूला, त्याच्या कानाशी उघड्या राहिलेल्या पाइपाच्या तोंडाकडं बघत होती.

३

ते तोंड उघडं का राहिलं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं आणि त्याला स्वतःचंच हसू आलं.

घरातलं नळाचं काम करणाऱ्या माणसानं ती चौकट वेगळी बांधली असती. चार पाय, दोन आडव्या काठ्या, जिथं लागेल तिथं जोड. या दोघांनी रानातली लाइन अंथरली होती. पाइप पेडलांखालून सुरू झाला होता. उजवीकडून मागं, सीटच्या पाठीमागून वळून डावीकडून पुढं, तिथून वर चढून स्टिअरिंगखालून आडवा जाऊन, परत डावीकडं वळून मागं डाव्या कानाशी संपला होता. एकही फाटा नाही. शिवाय प्रत्येक सांध्याचं फुगीर तोंड एकाच बाजूला, पाणी येतं त्या बाजूला. कुणी ठरवलं नव्हतं. हातांना सवय होती.

झरीला विहिरीवरची मोटार पाणी हौदात टाकायची. हौदातून पाइपाची लाइन उतारानं खालच्या रानात जायची. आबा हौदापाशी, माय आणि तो पार खालच्या टोकाला, मध्ये एवढी उभी पिकं की एकमेकांचं डोकंही दिसायचं नाही. मग आबा दगडानं पाइपावर दोनदा ठोकायचे, खाकरायचे आणि पाइपात तोंड घालून विचारायचे, "आलं का पाणी?" तो आवाज लांबून, थंड होऊन यायचा. पाण्याच्या आधी पाइपातून वारा यायचा, गाल लावला की कळायचा. त्यानंतर पाणी. रामप्रसाद पाइपाला तोंड लावून ओरडायचा, "आलं!"

आलं म्हटलं की आबा हौद सोडून निघायचे. लाइनीच्या कडेनं चालत, प्रत्येक सांधा टाचेनं दाबत, खालच्या टोकाला यायचे. "कोण म्हणलं रं आलं?" असं खोटंच दरडावून विचारायचे. जो म्हणाला त्याला खांद्यावर घेऊन हौदावर न्यायचे आणि हौदात सोडायचे. म्हणून 'आलं' म्हणायला तो मायच्या हातातून पाइप ओढून घ्यायचा. बालपणातला याच्याहून मोठा आनंद त्याला विचारूनही आठवला नसता.

पहिल्याच रविवारी दुपारी तो खेळत बसला होता. मे महिना, कूलर चालू, गल्लीत चिटपाखरू नाही. एक शर्यत संपली, आवाज थांबला आणि डाव्या कानाशी घुमल्यासारखं झालं. उघडा पाइप म्हटल्यावर कूलरचा आवाज घुमणारच. त्यानं कूलर बंद केला. घुमणं थांबलं नाही. स्टेशनात मालगाडी उभी असेल, असं म्हणून त्यानं पुन्हा शर्यत लावली.

वळणावर असताना पायाखाली, पेडलांपाशी, लाइनीच्या हौदाकडच्या टोकाला, पाइपावर दोनदा ठोकल्याचा आवाज झाला. टक, टक.

त्यानं वाकून बघितलं. खाली काहीच नव्हतं. गाडी पडद्यावर भिंतीला जाऊन आदळली होती.

४

मोटारी उघडून बघणारा माणूस आवाजाला असा घाबरत नाही. प्लास्टिक उन्हानं तापतं, गार झालं की आखडतं, सांधे वाजतात. हे त्यानं सवितालाही समजावलं, तिनं विचारलेलं नसताना.

बुधवारी जेवायला घरी आला तर माय सीटवर बसलेली. पाय पेडलांपर्यंत पोचत नव्हते. मान डावीकडं कललेली, कान पाइपाला. ओठावर हसू.

"काय करायलीस माय?"

"काई न्हाई. इचारायलेत."

"कोण?"

तिनं पाइपाच्या तोंडाशी हाताचा आडोसा केला आणि हळूच, रोजचं काम असल्यासारखं म्हणाली, "न्हाई आलं. न्हाई आलं अजून."

रामप्रसादला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याला हेवाही वाटला. आपल्याला नुसतं टकटक ऐकू येतं आणि हिला सगळं! वय झालं की मन असं करतं, दवाखान्यात दाखवायला पाहिजे, हेही त्याच्या मनात आलंच. पण दवाखान्यात दाखवून काय करणार होते? बाई आता दोन भाकरी खात होती. सविताशी भांडत होती. ऋतिकाला फोनवर म्हणाली होती, "तुझं लगीन बगितल्याबिगर म्या कुठं जात न्हाई, सांगून ठेवते." सहा वर्षांत तिनं असं काही म्हटलं नव्हतं. म्हणून त्यानं विषय काढला नाही.

रोज दुपारी ती सीटवर बसायची. रोज तेच बोलायची. न्हाई आलं.

५

त्यानंतरच्या रविवारी सविता आणि माय दोघी शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. रामप्रसाद सीटवर बसला, पण त्यानं संगणक सुरू केला नाही. नुसताच बसून राहिला. अशा दुपारी झरीचं घर कसं गार असायचं, आबा ओट्यावर टॉवेल अंथरून कसे पडायचे, हे त्याला आठवत होतं.

टक, टक.

मग कुणीतरी खाकरलं. खाकरण्याच्या शेवटी जरा घसा ओढायची ती सवय.

"आलं का पाणी?"

आवाज लांबचा होता. थंड होता. पण तो आबांचाच होता, याबद्दल त्याच्या मनात तेव्हाही शंका आली नाही आणि पुढंही कधी आली नाही. भीती वाटायला हवी होती. वाटलं ते भलतंच. दहा वर्षांचं पोर पिकात उभं आहे, बाप दिसत नाही आणि बापाला बोलवायचा एकच शब्द त्याच्यापाशी आहे. त्याच्या डोळ्यांना धार लागली. गालाला पाइपातला वारा लागत होता, ओल्या मातीच्या वासाचा.

"आलं," तो म्हणाला. आणि न राहवून पुन्हा मोठ्यानं, "आलं, आबा!"

वारा थांबला. पाइप मुका झाला. तो बराच वेळ कान लावून बसला, पण नंतर एवढंसंही काही ऐकू आलं नाही.

६

संध्याकाळी त्याला पेडलांजवळचा पहिला सांधा ओला दिसला. ट्यूबच्या पट्टीखालून पाणी पाझरत होतं आणि फरशीवर, सांध्याच्या शेजारी, एक ओला ठसा होता. पाऊल नव्हे, नुसती टाच.

कूलरची ओल, त्यानं स्वतःला सांगितलं आणि पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो सांधा कोरडा होता आणि त्याच्या पुढचा ओला होता. मंगळवारी त्याच्याही पुढचा. शेजारी टाच.

मग त्यानं मायला विचारलं. विचारताना हसण्याचा प्रयत्न केला. "माय, आबा आलं का म्हणून इचारतेत, तर तू न्हाई का म्हणतीस? एकदा हो म्हणून टाकलं तर काय व्हतंय?"

ती शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"तू म्हणलास व्हय?"

तो ताटातली एक शेंग उचलून बोटांत फिरवायला लागला.

"रामा, तू म्हणलास?"

"म्हणलो."

तिनं फोडलेल्या शेंगांकडं बघितलं. ताट बाजूला सारलं. "आलं म्हणलं की ते निगतेत," ती म्हणाली. "आन म्हणणाराला घेऊन जातेत. ठावं न्हाई का तुला? तूच तर भांडायचास खांद्यावर बसायला." एवढं बोलून ती रडायला लागली, आवाज न करता. "म्हणून म्या न्हाई न्हाई म्हणायले बाबा. आवाज ऐकला की बरं वाटायचं. एवढंच पुरं व्हतं."

त्याच रात्री जेवणं झाल्याबरोबर त्यानं चौकट मोडली. सांधे लाकडानं ठोकून सुटे केले, पाइप परसात नेऊन टाकले, सीट बाहेर काढली. सविता विचारत राहिली, काय झालं, एवढी मेहनत केली आणि काय झालं? त्यानं पाठ दुखते असं सांगितलं.

बुधवारी सकाळी पुढच्या खोलीची फरशी रिकामी होती. जिथं सीटमागचं वळण होतं, तिथं ओली टाच होती. गुरुवारी ती डाव्या बाजूला आली. तिथं आता पाइप नव्हता, सांधा नव्हता, दाबायला काहीच नव्हतं.

मायनं ती बघितली आणि परसातून सीट ओढत आणून पुन्हा जागेवर ठेवली. तिच्यावर मांडी घालून बसली. "तू दुकानात जाय," ती म्हणाली. "दिवसा घरी येऊ नगंस. डबा पाठवते."

"माय, दवाखान्यात जाऊ आपण. तुला बी बरं न्हाई, मला बी."

"जाय म्हणले ना."

७

शुक्रवारी सविता बहिणीकडं परभणीला गेली. म्हणून डबा आला नाही आणि रामप्रसादला घरी यावं लागलं, असं त्यानं पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्याला दुकानात बसवतच नव्हतं. तो मागच्या दारानं आत शिरला. मधल्या खोलीत पाणी प्यायला थांबला आणि तिथंच राहिला.

पुढच्या खोलीत कुणीतरी टाच दाबली. थोडं थांबून आणखी एकदा.

ओल्या काळ्या मातीचा वास आला. कूलर बंद होता, पंखाही बंद होता. कुणीतरी खाकरलं, शेवटी घसा ओढून. आता तो आवाज लांबचा नव्हता. खोलीत उभ्या असलेल्या माणसाचा होता.

"कोण म्हणलं रं आलं?"

पूर्वीसारखंच, खोटं दरडावून. दाराला पडदा होता आणि पडदा चौकटीपासून बोटभर सरकलेला होता. रामप्रसादनं त्या फटीला डोळा लावला. आपण असं का केलं, हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

त्याला सगळं दिसलं नाही. धोतराचा भिजलेला काठ दिसला. चिखलानं भरलेली पोटरी. सीटवर बसलेल्या मायचा पदर खोचलेला, रानात असायची तसा. तिनं मान वर केली होती आणि ती घाबरलेली दिसत नव्हती. नव्या नवरीनं बघावं तसं ती बघत होती, थोडं लाजून.

"म्या म्हणले," माय म्हणाली.

बाहेरून पॅसेंजरची शिट्टी आली. मग त्या माणसानं सावकाश म्हटलं, "आवाज तर पोराचा व्हता."

"पोरगं दुकानात हाय. त्याला कशाला येळ? म्याच म्हणले," ती म्हणाली. आणि तिचा आवाज एकदम करारी झाला, सविताशी भांडायची तेव्हाचा. "इचारायलात किती दिस झाले, तवा म्हणलं, म्हणून टाकावं. चला आता."

रामप्रसादला फक्त पडदा सारायचा होता. मी म्हणालो आबा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द त्याच्या तोंडात तयार होते, त्यांची चवही त्याला लागत होती. आणि त्याला कळलं की आपला स्वतःचा तळहात आपल्या तोंडावर आहे, घट्ट, दात ओठांत रुतेपर्यंत. तो त्यानं काढला नाही.

फटीतून एक हात दिसला. जाड बोटांचा, ओला, नखांत माती असलेला. तो मायच्या डोक्यावर टेकला आणि हळूच दाराच्या बाजूला दाबला गेला. मायची मान त्या बाजूला वळली.

तो हात आपल्या डोक्यावर हवा होता, असं रामप्रसादला त्या क्षणीही वाटलं. आणि तरीही तो भिंतीला पाठ लावून खाली सरकला, डोळे मिटले आणि टाचांचे आवाज उलट्या दिशेनं जाईपर्यंत तसाच बसून राहिला. जाताना सांधे कुणी दाबत नव्हतं. ओझं घेतलेला माणूस चालतो तशी ती चाल होती, सावकाश आणि जड.

८

डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. वय झालं होतं, उन्हाळा कडक होता, झोपल्यासारखी गेली, सोनं झालं म्हणा. सीटवर ती बसलेलीच सापडली होती, मान जराशी कललेली. सविता परभणीहून तशीच धावत आली. आंघोळ घालताना बायका आपसात काहीतरी कुजबुजल्या. कोरड्या घरात म्हातारीचे केस ओले कसे, पायांना काळी माती कुठली, असं काहीतरी. मग रडारडीत ते राहून गेलं.

ऋतिका पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आली आणि बापाच्या गळ्यात पडली. रामप्रसादनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच उचलून घेतला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. सविता त्याच्या शेजारी ओट्यावर येऊन बसली. बराच वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमी घरातच व्हतात ना तवा?" तिनं विचारलं. "आत्याबाई शेवटाला काई बोलल्या का?"

"न्हाई," रामप्रसाद म्हणाला.